पाच डोकी कमी पडतात तेव्हा

माझी भाची ठाण्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. यंदा त्यांच्याकडे अभिरूप संसद भरणार आहे आणि हिला सत्ताधारी बाजूची प्रतोद, म्हणजे आपल्या बाजूची मतं सांभाळणारी, केलंय. परवा रात्री साडेदहाला फोन आला. "मामा, साठ जागा आहेत आणि आमच्याकडे सव्वीसच. सरांनी मुद्दाम अल्पमतातलं सरकार गळ्यात मारलंय. पाच डोकी कुठून आणू?"

मी बावीस वर्षं एका महापालिकेत एका पक्षाच्या गटनेत्याच्या दालनाबाहेर टेबल टाकून बसलो. पक्ष कोणता आणि महापालिका खाडीच्या कुठल्या बाजूची, ते राहू द्या. काम एकच होतं: उद्याच्या सभेत आपले हात किती वर होणार, ते आज रात्री सांगायचं. चुकलो की शिव्या, बरोबर आलं की चहा. दिल्लीतलं सरकार मोठं, आकडे मोठे, पण हिशोबाची रीत फार वेगळी नसते, हे पुढे पेपर वाचताना कळत गेलं. भाचीला फोनवर सांगायला लागलो तर पाऊण तास झाला आणि तिचं चार्जिंग संपलं. म्हणून लिहून काढतोय.

आधी मोजणी, आणि ती पेन्सिलीनं

"बहुमत म्हणजे २७२" हे आधी डोक्यातून काढा. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी निम्म्याहून एक जास्त म्हणजे २७२, हे पोस्टरवर छापायला ठीक. घटनेचं कलम १०० सांगतं ते निराळं: सभागृहात हजर राहून मत देतात त्यांचं बहुमत. जो आला नाही, जो उठून गेला, जो बसून राहिला, तो हिशोबातून वजा.

एका कोऱ्या पानावर चार रकाने पाडा. नक्की आपले. नक्की त्यांचे. तोंडानं हो म्हणालेत पण खरं वाटत नाही असे. आणि येणार नाहीत किंवा आले तरी मत देणार नाहीत असे. नवखी माणसं पहिल्या दोन रकान्यांत रमतात. सरकार टिकतं किंवा पडतं ते उरलेल्या दोनांत.

जुलै १९९३ घ्या. नरसिंह रावांचं सरकार, लोकसभेत त्या वेळी प्रत्यक्ष ५२८ सदस्य, काँग्रेसचे २५१. म्हणजे चौदा कमी. अविश्वास ठराव २८ जुलैला मतदानाला आला, ठरावाच्या बाजूनं २५१ आणि विरोधात २६५. बरोबर चौदा डोकी वर मिळाली होती. ती कशी मिळाली त्याची गोष्ट पुढे सांगतो, कारण ती वाईट आहे. आत्ता एवढंच बघा की २७२ चा आकडा कुणीही गाठलेला नव्हता.

उलटा धडा १७ एप्रिल १९९९ चा. जयललितांच्या अण्णा द्रमुकनं पाठिंबा काढला आणि वाजपेयींना विश्वासदर्शक ठराव मांडावा लागला. बाजूनं २६९, विरोधात २७०. बसप तटस्थ राहील असं सरकारच्या कागदावर होतं. त्यांनी ऐनवेळी विरोधात मतं टाकली. गिरिधर गमांग दोन महिन्यांपूर्वीच ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडलेली नव्हती, ते येऊन मत देऊन गेले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ स्वतःच्या पक्षाविरुद्ध गेले. एका मतानं सरकार पडलं असं सगळे म्हणतात, पण मला त्यात किमान तीन ठिकाणी पेन्सिलीऐवजी पेन वापरलेलं दिसतं.

आता भाचीचं पान. सरकार २६, मोठा विरोधी पक्ष २५, आणि तीन छोटे गट: चार, तीन आणि दोन जणांचे. अध्यक्षपदावर त्यांचे सर बसणार, ते साठांत नाहीत. तिचं म्हणणं, "चार आणि दोन, असे सहा आणले की झालं." झालं खरं, पण दोन गटांना पोसावं लागेल. मी म्हटलं, तिघांचा गट आपल्या बाजूनं मत देऊ दे आणि चौघांना फक्त चहाला बाहेर पाठव. तुझे २९, त्यांचे २५ अधिक २ म्हणजे २७. पाच डोकी आणलीस कुठे? तीनच आणलीस. पण चौघांऐवजी दोघांनाच बाहेर काढलंस तर? २९ विरुद्ध २९, आणि सर अध्यक्षांच्या खुर्चीतून निर्णायक मत देणार. सरांच्या भरवशावर राहायचं नाही.

सगळी मतं विकत घेऊ नका

विकत म्हणजे पैशानं नव्हे, ते कळलं असेलच. अधिवेशनात शंभर विषय येतात. त्यातले सरकारच्या जिवावर बेतणारे मोजके: विश्वास-अविश्वासाचा ठराव, राष्ट्रपतींच्या भाषणावरचा आभार प्रस्ताव, अनुदानाच्या मागण्या, विनियोजन विधेयक, वित्त विधेयक. पैसे मंजूर झाले नाहीत तर शिपायाचा पगारही निघत नाही. बाकी बिलं हरली तर नाक कापलं जातं, मान कापली जात नाही.

छोट्या पक्षाशी बोलताना एवढीच यादी पुढे ठेवा. इंग्लंडमध्ये २०१७ ला थेरेसा मे यांचे ३१७ खासदार आले, सभागृह ६५० चं. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या छोट्या पक्षाचे दहा. २६ जूनला करार झाला आणि तो छापून सगळ्यांपुढे ठेवला. विश्वास ठराव, राणीचं भाषण, अर्थसंकल्प आणि पैशाची बिलं, शिवाय युरोपातून बाहेर पडण्याचे आणि देशाच्या सुरक्षेचे कायदे, एवढ्यावर पाठिंबा. इतर बाबतीत वेळ येईल तसं बघू. बदल्यात उत्तर आयर्लंडला एक अब्ज पौंड जादा.

हा करार पुढे कसा वागला ते पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०१९ मध्ये मे यांनी युरोपशी केलेला तह सभागृहात आला तेव्हा डीयूपीचे दहाही जण विरोधात गेले. तो कागदावरच्या यादीतला विषय, तरी गेले, कारण त्यांच्या गावात तो तह म्हणजे विष होतं. सरकारचा ४३२ विरुद्ध २०२ असा धुव्वा उडाला. दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, अविश्वास ठराव. त्यात तेच दहा जण सरकारच्या बाजूनं. निकाल ३२५ विरुद्ध ३०६. दहा उलट गेले असते तर ३१५ विरुद्ध ३१६. स्वतः करून बघा वजाबाकी. तह पाडला आणि सरकार वाचवलं, चोवीस तासांत, आणि त्यांच्या मते दोन्ही वेळा ते खरेच होते.

दोन तृतीयांश लागणारी घटनादुरुस्ती असल्या सरकारनं मोठ्या विरोधी पक्षाशी आधी बोलल्याशिवाय मांडूच नये. तिथे छोटे पक्ष कितीही गोळा केले तरी पुरत नाहीत.

त्यांना काय हवं असतं

इथे लोक लगेच मंत्रिपद म्हणतात. ते सगळ्यात महाग आणि कधीकधी सगळ्यात निरुपयोगी. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांपलीकडे नेता येत नाही, म्हणजे वाटायला खुर्च्या मोजक्याच. आणि मंत्री झालेला छोटा पक्ष सरकारच्या प्रत्येक पापात भागीदार होतो. शहाण्यांना ते नको असतं. बाहेर राहून टेकू द्यायचा आणि हवं तेव्हा टीका करायची मुभा ठेवायची, हेच त्यांना परवडतं.

१९९८ मध्ये तेलुगू देसमचे बारा खासदार होते. त्यांनी मंत्रिपदं घेतली नाहीत. लोकसभेचं अध्यक्षपद घेतलं. २४ मार्चला त्यांचे बालयोगी खुर्चीवर बसले आणि २८ मार्चला वाजपेयींनी २७४ विरुद्ध २६१ असा विश्वास मिळवला. तेलुगू देसम उलटी गेली असती तर निकालही उलटा होता. खुर्ची आधी, मत नंतर, हा क्रम लक्षात ठेवा. छोटा पक्ष कायम आधी मागतो, कारण मत देऊन झाल्यावर त्याला कोण विचारतो?

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नवी मुंबई महापालिका, २०१५. जागा १११, राष्ट्रवादीच्या ५२, म्हणजे चार कमी. काँग्रेसचे दहा नगरसेवक. महापौर राष्ट्रवादीचा आणि उपमहापौरपद काँग्रेसला. पामबीच रोडवरच्या त्या पांढऱ्या इमारतीत उपमहापौराचं दालन, गाडी आणि दारावर पाटी असते. दहा जणांच्या पक्षाला पाटी लागते. कार्यकर्ता आपल्या बायकोला नेऊन दाखवतो ती.

कॅनडात २०२२ ला वेगळीच मागणी होती. ट्रूडोंच्या लिबरल पक्षाला आदल्या वर्षीच्या निवडणुकीत ३३८ पैकी १६० जागा, एनडीपी या छोट्या पक्षाला २५. एनडीपीनं एकही खातं मागितलं नाही. गरीब घरांना दातांचे उपचार सरकारी खर्चानं, औषधांच्या खर्चासाठी कायदा, असे विषय मागितले. हिशोब सरळ आहे: पुढच्या निवडणुकीत दारोदार जाऊन "हे आम्ही करून घेतलं" असं सांगता आलं पाहिजे.

आणि इथेच मोठे पक्ष माती खातात. माझ्या टेबलावरचा किस्सा सांगतो. एका सेक्टरमध्ये गटाराचं काम होतं. आम्हाला टेकू देणाऱ्या दोन जणांच्या गटातल्या एकानं ते काम सहा महिने मागे लागून मंजूर करून घेतलं होतं. करारच होता तसा, तोंडी. भूमिपूजनाच्या दिवशी तो पांढरा सदरा घालून, घरची माणसं घेऊन सकाळी नऊला पोचला. आमचे एक पदाधिकारी साडेआठलाच नारळ फोडून मोकळे झाले होते. करवंट्या तिथेच पडलेल्या. फ्लेक्सवर आमच्या बारा जणांचे फोटो, त्याचा एकही नाही. तो काही बोलला नाही. पेढा घेतला, गेला. पुढच्या सभेत मतदान पुकारलं तेव्हा त्याची खुर्ची रिकामी. शिपायाला पाठवलं तर साहेब बाथरूममध्ये. विषय एका मतानं पडला, तेव्हा हात धूत बाहेर आला आणि मला म्हणाला, "काय झालं हो? मला पोटाचं जरा..." त्यानंतर आम्ही प्रत्येक भूमिपूजनाला दोन नारळ न्यायला लागलो. खर्च चाळीस रुपयांचा.

म्हणून कोणाला काय देणार हे ठरवताना सोबत हेही ठरवा की जाहीर कोण करणार. घोषणा त्यांची, सही तुमची. मोठ्या पक्षाला हे फार जड जातं.

टेकू घरापेक्षा मोठा नको

पाठिंबा कोणाचा घ्यावा याचा माझा एकच नियम आहे, आणि तो नियम चंद्रशेखरांच्या सरकारवरून पाठ झाला. नोव्हेंबर १९९० मध्ये साठेक खासदारांच्या जोरावर ते पंतप्रधान झाले, बाहेरून पाठिंबा काँग्रेसचा, जिचे जवळपास दोनशे. राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस पाळत ठेवत असल्याच्या वादावरून काँग्रेसनं डोळे वटारले आणि ६ मार्च १९९१ ला राजीनामा द्यावा लागला. त्या सरकारला पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही, अंतरिमावरच भागलं. याला भाडेकरू म्हणतात. घर दुसऱ्याचं, चावी दुसऱ्याची, आणि दारावर नाव तुमचं.

देवेगौडांचंही तेच. तेरा पक्षांची संयुक्त आघाडी, बाहेरून टेकू पुन्हा काँग्रेसचा. मार्च १९९७ च्या अखेरीस टेकू निघाला आणि एप्रिलमध्ये गाडी तीच ठेवून ड्रायव्हर बदलला, गुजराल आले.

चारजणांचे तीन गट असले तर तिघांशीही बोलणी चालू ठेवा. एकाला कळलं पाहिजे की तो गेला तर दुसरा उभा आहे. २००८ मध्ये डाव्यांनी अणुकरारावरून ८ जुलैला पाठिंबा काढला, साठच्या घरात खासदार होते त्यांचे. मनमोहन सिंग सरकारनं समाजवादी पक्षाशी आधीच सूत जुळवलेलं होतं. २२ जुलैला २७५ विरुद्ध २५६.

"हो" म्हणायला लावू नका

माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा मार्ग. छोट्या पक्षाला त्याच्या मतदारांपुढे तोंड दाखवायचं असतं. तुमच्या बाजूनं बटण दाबलं तर त्याचा फोटो येतो, रेकॉर्ड राहतं. सभात्याग केला तर भाषणही होतं, रागही दिसतो आणि तुमचं कामही होतं.

५ डिसेंबर २०१२. किराणा व्यापारात परदेशी गुंतवणूक आणायच्या निर्णयाविरुद्ध लोकसभेत ठराव. समाजवादी पक्षाचे २२ आणि बसपचे २१, दोघांचाही त्या धोरणाला विरोध, दोघांचीही कडक भाषणं. मतदानाआधी दोघेही उठून बाहेर. निकाल: ठरावाच्या बाजूनं २१८, विरोधात २५३. आता २१८ मध्ये ते ४३ मिळवा. २६१ होतात. सरकार हरलं असतं, आणि २५३ हा आकडा २७२ च्या आसपासही नाही.

स्वीडनमध्ये तर नियमच असा आहे की पंतप्रधानाच्या विरोधात निम्म्याहून जास्त जागा गेल्या नाहीत तर तो निवडला गेला. ३४९ जणांच्या सभागृहात १७५ "नाही" लागतात. २९ नोव्हेंबर २०२१ ला मॅग्डालेना अँडरसन यांना "हो" म्हणणारे १०१, "नाही" म्हणणारे १७३, आणि गप्प बसलेले ७५. झाल्या पंतप्रधान. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, चीटिंग आहे. मी म्हटलं, गप्प बसणंही त्यांनी बोलणी करूनच मिळवलंय.

बसून राहण्याची किंमत कमी असते, पण फुकट नसते. आणि ती गटाच्या नेत्याशीच ठरवा, एकेकट्याशी नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं पक्षादेशाविरुद्ध मत देणारा जसा अपात्र होतो तसा आदेश असताना गैरहजर राहणाराही. पूर्वी एक तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ मध्ये ती वाट बंद झाली. विलीनीकरणाला दोन तृतीयांश लागतात. तिघांच्या गटात दोघं म्हणजे दोन तृतीयांश होतात, म्हणून कोणाला वाटेल फोडणं सोपं. फोडता येतं. पण त्यानंतर बाकीचे छोटे गट तुमच्या दारात उभे राहत नाहीत, कारण आज तो तर उद्या आपण.

मतदानच टाळता येतं का, हा प्रश्न भाचीनं विचारलाच. कधीकधी येतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये विधानसभेत २८८ पैकी भाजपचे १२२, शिवसेना विरोधी बाकांवर, ४१ आमदारांच्या राष्ट्रवादीनं न मागता बाहेरून पाठिंबा जाहीर केलेला. १२ तारखेला विश्वास ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला. डोकी मोजलीच नाहीत, त्यामुळे कोणी काय केलं हे कायमचं गुलदस्त्यात. महिनाही झाला नाही तोवर, डिसेंबरच्या सुरुवातीला, शिवसेना सरकारात आली. पण यावर विसंबू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फडणवीस सरकारला थेट सांगितलं: उद्या पाचपर्यंत बहुमत सिद्ध करा, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण करा. त्याच दिवशी सरकारनं राजीनामा दिला.

करार अकरा महिन्यांचा

आमच्याकडे कोपरखैरण्यात घर भाड्यानं देताना अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स करतात. भाडं किती, वाढ किती, भिंतीला खिळे ठोकायचे की नाही, घर सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं, सगळं लिहिलेलं. छोट्या पक्षाचा पाठिंबा असाच कागदावर आणा. "राष्ट्रहितासाठी बिनशर्त पाठिंबा" असं पत्र आलं तर मला घाम फुटतो. बिनशर्त म्हणजे अटी अजून सांगितलेल्या नाहीत.

कागदावर काय हवं? कोणत्या मतदानाला पाठिंबा आणि कोणत्याला नाही. कुठपर्यंत. त्यांच्या कोणत्या चार कामांना कोणत्या अधिवेशनापर्यंत हात लागेल; चारच, चाळीस नाहीत, कारण चाळीस कामं म्हणजे चाळीस भांडणं. नवा विषय आणायच्या किती दिवस आधी त्यांना कळवणार. आणि मतभेद झाला तर पत्रकारांकडे जायच्या आधी कोणाला फोन करायचा. कॅनडाच्या त्या करारात पक्षप्रमुखांची तीन महिन्यांतून एकदा भेट आणि दर महिन्याला आढाव्याची बैठक लिहिलेली होती. जून २०२५ पर्यंतचा करार एनडीपीनं सप्टेंबर २०२४ मध्ये सोडला, पण तोवर अडीच वर्षं निघाली होती आणि दातांची योजना सुरू झाली होती. दोघांचंही वसूल.

सगळं एकदम देऊन टाकू नका. डिपॉझिट द्या, बाकी महिन्याच्या महिन्याला. त्यांनीही सगळी मतं आगाऊ दिलेली नसतात.

पाकीट

रावांच्या सरकारची ती गोष्ट. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी मतासाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला, खटला झाला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला की पैसे घेऊन सभागृहात मत दिलेल्या खासदाराला घटनेचं संरक्षण आहे. रावांना पुढे उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. तो जुना निकाल ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठानं रद्द केला. आता मतासाठी लाच घेणाऱ्याला सभागृहाची भिंत वाचवत नाही. त्यामुळे हा रस्ता या लेखात नाही. गटार द्या, दवाखाना द्या, पाटी द्या.

व्हिपची पोच

आता माझी स्वतःची चूक. करार झाला, आकडे जमले, तरी शेवटचं काम कारकुनाचं असतं: व्हिप, म्हणजे पक्षादेशाचा कागद, प्रत्येकाच्या हातात देऊन सही घेणं. एका शनिवारी संध्याकाळी मी घणसोली गावात एका सदस्याच्या घरी गेलो. तो नव्हता. त्याचा साडू ओट्यावर बसला होता. म्हणाला, "द्या इकडं, देतो की त्याला." माझ्या अजून पाच घरांच्या फेऱ्या बाकी, पावसाळी हवा, रिक्षा उभी. दिला. सही घेतली नाही. सोमवारी त्या सदस्यानं उघड उघड विरोधात हात वर केला. आम्ही अपात्रतेचा अर्ज टाकला. सुनावणीत पहिलाच प्रश्न: पोच कुठाय? माझ्याकडे पोच नव्हती, साडू होता. आणि साडूला काही आठवत नव्हतं.

म्हणून सांगतो. व्हिप स्वतःच्या हातानं द्या, सही आणि वेळ लिहून घ्या. घरी नसेल तर दोन माणसांसमक्ष दारावर चिकटवा, फोटो काढा. मोबाईलवरही पाठवा, पण त्या दोन निळ्या खुणांच्या भरवशावर राहू नका.

आदल्या रात्री कोण कुठे झोपणार हे माहीत पाहिजे. आजारी कोण, लग्नाला कोण, कोणाचं विमान सकाळचं. लोकसभेत मतविभाजनाची घंटा साडेतीन मिनिटं वाजते, मग लॉबीची दारं बंद. कँटीनमधून साडेतीन मिनिटांत धावत येणारा पासष्ट वर्षांचा सदस्य मी पाहिलाय, महापालिकेत का होईना, आणि त्याला दारातच दम लागला. इंग्लंडात २८ मार्च १९७९ ला कॅलहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० असं पडलं, तेव्हा त्यांचा एक खासदार मरणासन्न होता आणि त्याला आणायचं नाही असं त्यांनी ठरवलं. एक अपक्ष लांबून लंडनला आला आणि मत न देताच थांबला. कॅलहन यांच्याबद्दल माझ्या मनात त्यामुळे आदर आहे, पण हिशोबनीस म्हणून मी त्या अपक्षाला स्टेशनवर आणायला माणूस पाठवला असता.

काल भाचीनं यादीचा फोटो पाठवला. सव्वीस नावं, शिवाय तिघांचा गट हिरव्या हायलायटरनं रंगवलेला, पुढे "नक्की" लिहिलेलं. चौघांपुढे "वॉकआउट, कँटीन". तिघांना काय दिलंस विचारलं, तर हॉस्टेलच्या लायब्ररीची वेळ वाढवण्याचं विधेयक, आणि ते मांडणार त्यांचीच मुलगी. चांगलं आहे. मग विचारलं, या तिघांपैकी किती जणांशी तू स्वतः बोललीस?

वर "टायपिंग" दिसतंय. थांबतं, परत दिसतं.